वाघाला गोळी घालणारी आई आणि आपली जिवतीची कहाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात वाचकांच्या पत्रांत एक पत्र प्रसिद्ध झाले होते. जुन्या परीकथा प्रौढांसाठी नव्याने लिहिणारे, त्यांत रक्त, वासना आणि मृत्यू आणणारे लेखक मुलांच्या निरागस ठेव्याची नासाडी करीत आहेत, अशी त्या पत्रलेखकांची तक्रार होती, आणि उदाहरण म्हणून त्यांनी इंग्रजी लेखिका अँजेला कार्टर यांचे नाव घेतले होते. ते पत्र मी तीन वेळा वाचले. त्यामागची काळजी खरी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. परंतु त्यातील निष्कर्ष मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जागेअभावी काही गाळावे लागल्यास अवश्य गाळावे, मात्र जिवतीच्या कहाणीविषयीचा मजकूर कृपया तसाच ठेवावा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात एका खेड्यात राहते. प्राथमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर गावातील लहानशा वाचनालयाचे काम पाहते. कार्टर यांचे ‘द ब्लडी चेंबर’ हे पुस्तक माझ्या मुलीने नागपूरहून आणून दिले, आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला. वाचून झाल्यावर ते अधिक लोकांच्या हाती पडावे म्हणून मी परिसरातील एका मोठ्या वाचनालयाला भेट दिले. तिथे नोंदवहीत ‘परीकथा’ असा शब्द पडला आणि पुस्तक थेट बालविभागाच्या कपाटात गेले. काही महिन्यांनी एका पालकाने तक्रार केली. तक्रार योग्यच होती, कारण ते पुस्तक दहा वर्षांच्या मुलीच्या हाती पडायला नको होते. परंतु समितीने ते बालविभागातून काढून प्रौढ विभागात ठेवण्याऐवजी वाचनालयातूनच काढून टाकले, आणि मी विचारायला गेले तेव्हा ‘परीकथा मोठ्यांसाठी असतात का, बाई?’ असा प्रश्न मला विचारण्यात आला. आपल्या पुरवणीतील पत्रातही मूळ प्रश्न तोच आहे, म्हणून त्याचे उत्तर मी दोघांनाही एकदमच देते.

अँजेला कार्टर यांचा जन्म १९४० मधला. महायुद्धाच्या काळात त्यांचे लहानपण यॉर्कशायरमधील कोळशाच्या खाणींच्या एका गावात, आईच्या आईजवळ गेले. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट ही आजीच त्यांना सांगत असे, आणि लांडगा मुलीवर झडप घालतो त्या ठिकाणी स्वतःच नातीवर झडप घालून तिला खाऊन टाकण्याचे सोंग करीत असे. भीती आणि आनंद यांनी आपण किंचाळत असू, असे कार्टर यांनी लिहून ठेवले आहे. हे वाचताना मला आमच्या घरचा धान चुरण्याचा हंगाम आठवला. खळ्यावर शेकोटी पेटलेली असे, माझी आजी म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट सांगत असे, आणि वाघ वाट अडवून उभा राहिला की तिचा आवाज असा खाली जाई की आम्ही पोरे एकमेकांच्या अंगाला चिकटून बसत असू. हुंकारा दिल्याशिवाय ती पुढे जात नसे. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असेही ती म्हणे. म्हणजे गोष्टीची वेळ रात्रीची, दिवसभराची कामे उरकल्यावरची. त्या वेळी खळ्यावर गडीमाणसे असत, नव्याने नांदायला आलेल्या सुना असत, एखादी माहेरी परत आलेली लेक असे. आम्ही मुले ऐकत होतो हे खरे, पण ती गोष्ट केवळ आमच्यासाठी चाललेली नव्हती. आम्ही झोपी गेल्यानंतरही ती चालू राहत असे.

कार्टर यांनी १९७७ मध्ये फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या परीकथांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘द ब्लडी चेंबर’ हा दहा कथांचा संग्रह आला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या बाईंवर परीकथांची नासाडी केल्याचा आरोप होतो, त्यांनी आधी त्या कथा मूळ भाषेतून एकेक शब्द तोलून आपल्या भाषेत आणल्या होत्या. आणि पेरो यांच्या १६९७ च्या पुस्तकात लाल टोपीवाल्या मुलीचे काय होते? लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. कोणी लाकूडतोड्या येत नाही, कोणी शिकारी पोट फाडून तिला जिवंत बाहेर काढीत नाही. तो शिकारी पुढे जर्मनीत ग्रिम बंधूंच्या संग्रहात येतो. त्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ चा आणि दोघा भावांच्या हयातीतील शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ ची. या पंचेचाळीस वर्षांत विल्हेल्म ग्रिम यांनी कथांवरून पुनःपुन्हा हात फिरवला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते की माझे कपडे मला एवढे घट्ट का होऊ लागले आहेत. तिला दिवस गेले आहेत हे सांगणारे ते वाक्य नंतर काढून टाकण्यात आले. क्रौर्य मात्र बरेचसे तसेच राहिले. हिमगौरीच्या लग्नात दुष्ट राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, ते आजही मूळ पाठात आहे. तेव्हा निरागस ठेवा म्हणून आपण जे जपतो, ते एका लांब संपादनाचे फळ आहे. त्यात वाईट काही नाही, मुलांसाठी कथा सौम्य करणे हे चांगलेच काम आहे आणि मी स्वतः शाळेत ते आयुष्यभर केले. पण सौम्य केलेला पाठ हाच मूळ पाठ, असे मानून दुसऱ्या कोणाला दोषी ठरवणे न्यायाचे नाही.

आता आपल्या घरात येते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला लावून आपल्या आया-आज्या जी कहाणी वाचत आल्या, ती आपण किती वेळा लक्ष देऊन ऐकली आहे? आटपाट नगरच्या राणीला मूल नाही. ती सुईणीला द्रव्याचे आमिष दाखवते, गावातील एका गरोदर ब्राह्मण बाईचे मूल जन्मतःच चोरून आणवते, आणि त्या बाळंतिणीपुढे वरवंटा ठेवून तुला हेच झाले असे तिला सांगितले जाते. आई रडते, पण श्रावणात जिवतीची पूजा करून, माझे बाळ असेल तिथे खुशाल असो, असे म्हणून तांदूळ उडवत राहते. मुलगा राजा होतो. एके दिवशी एक बाई त्याच्या दृष्टीस पडते आणि त्याच्या मनात अभिलाषा उत्पन्न होते. रात्री तो तिच्या घरी जातो. दारात गाय बांधलेली असते, अंधारात वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो, आणि वासरू गाईला सांगते की कोण्या पाप्याने माझ्या शेपटीवर पाय दिला. गाय म्हणते, जो आपल्या आईकडे जायला भीत नाही, तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिणार? हे ऐकून राजा माघारी फिरतो आणि काशीयात्रेला निघतो. पुढे गयेला तो पिंड देतो तेव्हा पिंड घ्यायला एकाऐवजी दोन हात वर येतात.

चोरलेले मूल, दगड दाखवून वेडी ठरवलेली बाळंतीण, स्वतःच्या आईच्या दाराशी वासनेने आलेला मुलगा, पाण्यातून वर येणारे दोन हात. जगातील कोणत्याही भाषेतील काळ्या परीकथेत याहून अधिक काय असते? आणि ही कहाणी कोणी चोरून वाचीत नाही. दिवा लावून, हळदीकुंकू वाहून, पुरणाचा नैवेद्य दाखवून ती वाचली जाते. शेवटी आईच्या छातीतून दुधाची धार उडून पंगतीत बसलेल्या राजाच्या तोंडात पडते आणि ओळख पटते, तिथे माझ्या आईचा आवाज दर वर्षी दाटून येत असे. माझे एक भावंड जन्मल्यावर काही दिवसांतच गेले होते. ती कहाणी आई कोणासाठी वाचत होती, हे मला स्वतःला मूल झाल्यावर कळले.

चिऊ-काऊची गोष्ट सुद्धा अशीच. शेणाचे घर आणि मेणाचे घर ही जोडी तेराव्या शतकातील लीळाचरित्रात आहे, फक्त चिमणीच्या जागी तिथे साळई आहे, आणि तो ग्रंथ म्हाइंभटांनी सिद्ध केला तो आपल्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. वाचनमालेतील गोष्ट कावळा भिजतो आणि चिऊताई दार उघडायला उशीर लावते, इथपर्यंत येऊन थांबते. माझी आजी तिथे थांबत नसे. तिच्या गोष्टीत कावळ्याला आत घेतल्यावर रात्री कुडुमकुडुम आवाज येतो, चिमणी विचारते काय खातोस, तो म्हणतो चणे खातो. आणि सकाळी चिमणीची पिल्ले नसतात. आसरा कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलासाठी नाही. तो घर चालवणाऱ्या बाईसाठी आहे, आणि तिनेच तो गोष्टीत घातला असला पाहिजे.

कार्टर यांच्या पुस्तकाकडे परत येते. शीर्षककथेत एका गरीब, पियानो शिकणाऱ्या मुलीचे लग्न एका श्रीमंत सरदाराशी होते. समुद्रात उभ्या असलेल्या त्याच्या वाड्यात एक खोली उघडायची नसते. ती ती उघडते आणि त्याच्या आधीच्या बायकांची प्रेते तिला दिसतात. किल्लीवर रक्ताचा डाग पडतो, तो धुतला जात नाही. पेरो यांच्या जुन्या कथेत अशा वेळी तिचे भाऊ धावून येतात. कार्टर यांच्या कथेत आई येते. टेलिफोनवरील मुलीच्या आवाजावरून काहीतरी बिघडले आहे हे ओळखून ती निघते, भरतीच्या पाण्यातून घोडा घालते, आणि तलवार उगारून उभ्या असलेल्या जावयाला आपल्या दिवंगत नवऱ्याच्या पिस्तुलाने गोळी घालते. या आईने आपल्या अठराव्या वाढदिवशी हनोईच्या उत्तरेकडील डोंगराळ गावांना छळणारा एक नरभक्षक वाघ मारला होता, असे लेखिकेने आधीच सांगून ठेवलेले असते. ते वाक्य मी वाचले तो उन्हाळा मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा होता, आणि आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे जंगलात गेलेली बाई परत येईपर्यंत घरातील कोणाचा जीव ठिकाणावर नसतो. मे २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्या प्रदेशात वाघ हा अलंकार नाही, तिथल्या बाईने ती कथा वाचली म्हणजे तिच्या मनात काय होते, ते मी पुरते शब्दांत मांडू शकत नाही. घरातला वाघ आणि रानातला वाघ यांपैकी कोणाविषयी मुलीला आधी सावध करावे, हा प्रश्न माझ्या आईलाही पडला असेल, मलाही पडला. तो प्रश्न पुस्तकात असा लख्खपणे मांडलेला मी प्रथमच पाहिला.

परंतु या संग्रहातील जी कथा मी अनेकदा वाचली ती ही नव्हे. ती जेमतेम तीन पानांची आहे, ‘द वेअरवुल्फ’ नावाची. थंड, दरिद्री प्रदेश. एक मुलगी आजारी आजीकडे खाऊ घेऊन निघते, हातात बापाचा शिकारीचा सुरा. वाटेत लांडगा येतो, ती त्याचा पुढचा पंजा तोडते, कापडात गुंडाळून बरोबर नेते. आजी तापाने फणफणलेली असते. कापड उघडले तर पंजाच्या जागी माणसाचा हात, बोटात लग्नाची अंगठी आणि एक चामखीळ. मुलगी ओरडते, शेजारी धावून येतात, चामखीळ पाहून चेटकीण म्हणून ओळख पटवतात, आणि त्या म्हातारीला अंगावरच्या एका वस्त्रानिशी बर्फात हाकलून, काठ्यांनी आणि दगडांनी मारीत, ती पडेपर्यंत जंगलाच्या कडेपर्यंत नेतात. मग शेवटी कार्टर एवढेच सांगतात की ती मुलगी आता आजीच्या घरात राहते आणि तिची भरभराट झाली.

लांडग्याचा पंजा आणि आजीचा हात यांविषयी आपल्याला सांगणारे तिथे त्या मुलीखेरीज आणखी कोण होते, हे लेखिका विचारीत नाही. ते वाचकाने विचारायचे आहे, आणि घर कोणाला मिळाले तेही वाचकानेच पाहायचे आहे. आमच्या जिल्ह्यात हे दूरच्या देशाचे वर्णन वाटत नाही. २०२१ मध्ये जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना, बायकांनाही, गावकऱ्यांनी भर चौकात बांधून मारले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि अशा आरोपांमागे पुष्कळदा जमिनीचा, घराचा किंवा जुन्या वैराचा हिशेब असतो, हे या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते सतत सांगत आले आहेत. मी शाळेत असताना या विषयावरील शासकीय भित्तिपत्रके वर्गाबाहेर लावली आहेत, मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या आहेत. त्या कामाचे मोल मी कमी मानत नाही. पण आमच्या वाचनालयात येणाऱ्या पाचसहा बायकांना मी ही तीन पानांची कथा मराठीत तोंडी सांगितली, तेव्हा शेवटच्या वाक्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग त्यांतील एका बाईने आपल्या माहेरच्या गावातील एका विधवेची हकीकत सांगितली, जी तिने तोपर्यंत कोणालाही सांगितलेली नव्हती. भित्तिपत्रकाने ती हकीकत बाहेर आली नसती.

म्हणून ‘परीकथा मोठ्यांसाठी असतात का’ या प्रश्नाला माझे उत्तर, होय, असतात, असेच आहे. स्वतः कार्टर यांना आपल्या कथांना ‘प्रौढांच्या परीकथा’ म्हटलेले मुळीच आवडत नसे. जुन्या कथेच्या पोटात जे दडलेले आहे ते बाहेर काढणे एवढाच आपला हेतू होता, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. १९९२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले; अखेरच्या काळातही त्या जगभरातील लोककथांच्या संपादनातच गुंतलेल्या होत्या.

दुसरी बाजूही मला प्रांजळपणे मांडली पाहिजे. या संग्रहातील ‘द स्नो चाइल्ड’ ही कथा मला आजही सहन होत नाही, आणि तिच्यातील क्रौर्याची गरज मला पुरती पटलेली नाही. जुन्या कथेचा साचा स्वीकारल्यामुळे कार्टर त्या साच्यातील स्त्रीविषयक कल्पनांतच अडकून पडतात, असा आक्षेप काही स्त्रीवादी समीक्षकांनी घेतला आहे, तोही मी हलका मानत नाही. शिवाय त्यांच्यानंतर या प्रकारच्या लेखनाला बाजार मिळाला, आणि आज जे छापले जाते त्यातील पुष्कळसे असे असते की जुन्या गोष्टीचे नाव घ्यायचे, तिच्यात दोनचार खून आणि शय्यागृहातील प्रसंग घालायचे, आणि झाले. त्या लेखनाबद्दल आपल्या पत्रलेखकांची तक्रार असेल तर मी त्यांच्याबरोबर आहे. अंधार गोष्टीत मुळात असतो किंवा नसतो. जो असतो तो उजेडात धरणे आणि जो नाही तो वरून फासणे, ही दोन वेगळी कामे आहेत, आणि चांगल्या वाचकाला दोन पानांत हा फरक कळतो. वयाचा प्रश्न तर आहेच. असे पुस्तक बालविभागात नसावे, त्यावर स्पष्ट खूण असावी, आणि देताना ग्रंथपालाने एक वाक्य सांगावे. पण त्यासाठी पुस्तक आधी वाचनालयात असले पाहिजे.

माझी खरी खंत पुढे आहे. हे काम मराठीत, आणि विशेषतः आमच्या भागातील गोष्टींवर, कोणी का केले नाही? मराठीत प्रौढांसाठी कल्पित राज्यांच्या, शापांच्या आणि प्रवासांच्या कथा लिहिणारा मोठा लेखक होऊन गेला, जी. ए. कुलकर्णी यांच्या १९७५ च्या ‘रमलखुणा’मधील ‘इस्किलार’ वाचलेल्या माणसाला मराठी वाचक अशा लेखनाला तयार नाही असे म्हणता येणार नाही. पण त्या कथांची भूमी परकी आणि कल्पित आहे. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्य हा गंभीर अभ्यासाचा विषय म्हणून आपल्याला शिकवला; अभ्यास झाला, कथा मात्र पुन्हा लिहिल्या गेल्या त्या बहुधा मुलांसाठीच. राजस्थानात विजयदान देथा यांनी काय केले ते पाहावे. जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या आपल्या गावातच राहून, गावातील बायकांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी राजस्थानी भाषेत नव्याने लिहिल्या. ‘बातां री फुलवाडी’चे चौदा खंड झाले आणि १९७४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची ‘दुविधा’, ज्यात नवरा व्यापाराला निघून जातो आणि एक भूत त्याचे रूप घेऊन नवरीकडे येते पण तिच्यापासून सत्य लपवीत नाही, ही परीकथाच आहे, आणि ती मुलांसाठी नाही. हे काम एका खेड्यात झाले.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात, भाऊबीजेनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, आणि धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. हजारो प्रौढ माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत गोष्ट पाहतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची मुले मारबत नावाचा बाईचा पुतळा घेऊन, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत रोगराई आणि पीडा गावाबाहेर घालवतात. साऱ्या गावाचे दुखणे अंगावर घेऊन शिवेबाहेर जाळली जाणारी ही बाई कोण, तिची बाजू काय, ती कोणाची आई होती, हे एखाद्या लेखिकेने लिहायला घेतले तर कार्टर यांच्या कथांच्या शेजारी ठेवता येईल असे काही मराठीत निर्माण होईल, असा माझा विश्वास आहे.

ए. के. रामानुजन यांच्या १९९१ च्या भारतीय लोककथांच्या संग्रहात एक गोंडी कथा आहे. एका गोंड शेतकऱ्याला चार गोष्टी येत असतात, पण आळसामुळे तो त्या कोणालाच सांगत नाही. एका रात्री तो झोपल्यावर त्या गोष्टी त्याच्या पोटातून बाहेर येतात, त्याच्या अंगावर बसतात आणि आपापसांत बोलू लागतात की हा आपल्याला लहानपणापासून ओळखतो, पण कोणाला सांगत नाही, तर याला मारून आपण दुसऱ्या कोणाकडे राहायला जाऊ. एक म्हणते मी त्याच्या घासात सुया होईन, दुसरी म्हणते मी झाड होऊन त्याच्यावर कोसळेन. शेजारी जागा असलेला त्याचा गडी हे सगळे ऐकत असतो, म्हणून शेतकरी वाचतो. ही कथा आमच्या शेजारच्या माणसांची आहे आणि ती मला इंग्रजी पुस्तकातून कळावी, याचे मला फार वाईट वाटले.

आपल्याला माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या दिवाळी अंकात दरवर्षी बालविभाग असतो. यंदा त्याच्या बरोबरीने विदर्भातील लोककथांच्या प्रौढांसाठी केलेल्या पुनर्कथनाला काही पाने द्यावीत, आणि ती झाडी किंवा वऱ्हाडी बोलीत आली तर तशीच छापावीत. दुसरी विनंती रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला आपल्यामार्फत आहे, की जिथे शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट लिहिली गेली, तिथे आजच्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात, मुलांसाठी सौम्य न करता, नोंदवून ठेवण्याचे काम व्हावे. तिसरी विनंती ग्रंथालयांच्या चालकांना आहे, आणि ती एका कपाटाची आहे. आमच्या वाचनालयात ते कपाट मी केले आहे. मुलीने पुस्तकाची दुसरी प्रत पाठवली, ती त्यात आहे, आणि तिच्या शेजारी श्रावणातल्या कहाण्यांची माझ्या आईची जुनी पोथी ठेवली आहे.

आमच्या गावात ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांना किती गोष्टी येतात ते त्यांनाही मोजता येत नाही. मी आजवर त्यांच्या सतरा गोष्टी वहीत उतरवल्या आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे, आवाज मात्र शाबूत आहे. आपल्या वाचकांपैकी कोणा लिहिणाऱ्याला त्या ऐकायच्या असतील तर धान चुरून झाल्यावर, मार्गशीर्षात, यावे. त्या दिवसा सांगत नाहीत, आणि गावातून शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते, म्हणून मुक्कामाच्या तयारीने यावे. निजण्याची आणि जेवणाची सोय माझ्या घरी होईल. येणाऱ्याला हुंकारा तेवढा द्यावा लागेल.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर